शेवटचे तीन बळी

22 जानेवारी 2019 या दिवशी अमेरिकेतल्या बेसबॉल हॉल ऑफ फेमच्या निवडणुकीचा निकाल लागला. मतदान केलेले क्रीडापत्रकार होते 425, आणि मारियानो रिव्हेरा या पिचरला पडलेली मतंही 425. ही निवडणूक 1936 पासून होत आली आहे. इतक्या वर्षांत सगळीच्या सगळी मतं कुणालाही मिळाली नव्हती. बेब रूथसारख्या दैवताला 226 पैकी 11 जणांनी वगळलं होतं. हँक एरनचं नाव नऊ जणांनी लिहिलं नव्हतं. जे या दोघांना जमलं नाही ते पनामातल्या एका कोळीवाड्यात वाढलेल्या मुलाने साधलं, आणि तेही अशा कामाच्या जोरावर, ज्याला बेसबॉलमध्ये कित्येक दशकं दुय्यम मानलं जात होतं.

रिव्हेरा रिलीफ पिचर होता. 19 हंगामांत मिळून त्याने पिचिंग केलं ते जेमतेम 1,283 इनिंग आणि वर दोन बळी. एखादा दमदार सुरुवातीचा पिचर एवढ्या इनिंग सहा-सात वर्षांत टाकून मोकळा होतो. रिव्हेरा मैदानात यायचा तो सामना संपत आल्यावर, बहुधा तीन फलंदाज बाद करण्यापुरता. पंधरा-वीस चेंडूंत काम आटोपायचं. मग एवढ्याशा कामाला एवढा मान कसा? माझ्या मते याचं उत्तर त्याच्या नावावरच्या विक्रमांत फारसं सापडत नाही. ते शोधायचं तर ही रिलीफची जागा मुळात कुणासाठी होती आणि रिव्हेरा तिथे कसा येऊन पडला, हे पाहावं लागतं.

बेसबॉलच्या सामन्यात नऊ इनिंग. प्रत्येक इनिंगमध्ये दोन्ही संघ एकेकदा बॅटिंग करतात आणि तिघं बाद झाले की बाजू बदलते. म्हणजे जिंकायचं तर समोरच्यांचे 27 बळी मिळवायचे. सामना सुरू करणारा पिचर म्हणजे स्टार्टर. तो दमला किंवा मार खाऊ लागला की मॅनेजर स्वतः मैदानाच्या मधल्या उंचवट्यावर, म्हणजे माउंडवर चालत जातो, त्याच्या हातातून चेंडू काढून घेतो आणि दुसऱ्याला बोलावतो. एकदा बाहेर गेलेल्याला परत येता येत नाही. त्याच्या जागी येणारा दुसरा, तिसरा, चौथा, हे सगळे रिलीफ पिचर. मैदानाच्या कडेला कुंपण घातलेल्या जागेत ते बसलेले असतात. तिला बुलपेन म्हणतात. आघाडी राखून सामना संपवण्यासाठी ज्याला अखेरीस पाठवतात तो क्लोझर. टी-ट्वेंटीचं विसावं षटक टाकणाऱ्या गोलंदाजाची अवस्था आपल्याला चांगली माहीत आहे. क्लोझरला एका हंगामात साठ-सत्तर वेळा त्याच षटकाला तोंड द्यावं लागतं.

एके काळी मात्र बुलपेनला अशी काही प्रतिष्ठा नव्हती. सामना ज्याने सुरू केला त्यानेच तो संपवावा, हा शिरस्ता होता. बुलपेनमध्ये बसायचे ते वय झालेले, चेंडूवर ताबा नसलेले, स्टार्टरच्या रांगेत जागा न मिळालेले. 1920 च्या दशकात वॉशिंग्टनच्या संघाने फर्पो मारबेरीला नेमाने शेवटी आणायला सुरुवात केली, पण त्याचं अनुकरण सावकाशीनेच झालं.

या उरलेल्यांमधला पहिला मोठा माणूस हॉइट विल्हेल्म. नॉर्थ कॅरोलायनाचा. दुसऱ्या महायुद्धात बल्जच्या लढाईत जखमी झाला, पर्पल हार्ट पदक घेऊन परतला आणि खालच्या दर्जाच्या लीगमध्ये वर्षानुवर्षं झिजत राहिला. मोठ्या लीगमध्ये पहिला सामना मिळाला तो 1952 मध्ये, वयाच्या 29 व्या वर्षी. त्याचं एकमेव अस्त्र म्हणजे नकलबॉल: बोटांच्या टोकांनी धरून जवळजवळ न फिरवता सोडलेला संथ चेंडू, जो हवेत कुठल्या बाजूला भरकटेल हे टाकणाऱ्यालाही सांगता येत नाही. बॅट हातात घेऊन पहिल्यांदा उभा राहिला तेव्हा त्याने होमरन मारला, आणि 21 हंगामांच्या कारकिर्दीत पुन्हा एकही नाही! हा गृहस्थ पन्नाशीला काही दिवस उरले असताना, 1972 च्या जुलैमध्ये थांबला. तोवर 1,070 सामने झाले होते. 1985 मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेलेला तो पहिला रिलीफ पिचर.

मधल्या काळात या कामाचं मोल मोजायला एक आकडा जन्माला आला होता. 1959 मध्ये पिट्सबर्गचा रिलीफ पिचर एल्रॉय फेस 18 विजय आणि 1 पराभव अशा थक्क करणाऱ्या नोंदीने गाजला. जेरोम होल्त्झमन हा शिकागोचा क्रीडापत्रकार. त्याच्या लक्षात आलं की यातले कित्येक विजय फेसला हातातली आघाडी घालवल्यावर मिळालेत. फेसने धावा द्यायच्या, मग त्याच्या संघाच्या फलंदाजांनी त्या भरून काढायच्या आणि विजय त्याच्या नावावर जमा व्हायचा. दुसरीकडे चोख काम करून दुसऱ्याचा विजय राखणाऱ्याच्या नावापुढे काहीच लागत नव्हतं. म्हणून होल्त्झमनने ‘सेव्ह’ ही नोंद सुचवली आणि 1969 मध्ये ती अधिकृत झाली. नियम थोडक्यात असा: संघाने सामना जिंकला, अखेरपर्यंत पिचर तूच होतास, विजय तुझ्या नावावर नाही आणि तू आलास तेव्हा आघाडी तीन धावांपेक्षा जास्त नव्हती, तर पूर्ण इनिंग टाकल्यावर तुला एक सेव्ह. आघाडी याहूनही निसटती असेल तर एका बळीवरही मिळतो.

आकडा आला की माणसं आकड्यासाठी खेळू लागतात. ओकलंडच्या टोनी ला रूसाने 1980 च्या दशकाअखेर डेनिस एकर्सली याला जवळजवळ फक्त नवव्या इनिंगसाठी राखून ठेवायला सुरुवात केली. एकर्सली हा एके काळचा नावाजलेला स्टार्टर. दारूने त्याला पार खाली आणलं होतं, आणि दारू सोडून तो ओकलंडला आला तेव्हा स्टार्टरच्या रांगेत त्याला जागा नव्हती. 1992 मध्ये सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार आणि लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार, दोन्ही त्याने एकाच वर्षी घेतले. त्यानंतर प्रत्येक संघाला एक इनिंगवाला क्लोझर हवासा झाला.

विल्हेल्म काय, एकर्सली काय, लहानपणी रिलीफ पिचर व्हायचं स्वप्न कुणीच पाहिलेलं नव्हतं. दुसरीकडून नाकारले गेले म्हणून ते तिथे आले. रिव्हेराची गोष्टही याच वाटेने जाते.

पोर्तो काइमितो हे पनामाच्या पॅसिफिक किनाऱ्यावरचं मच्छीमारांचं गाव. वडील मासेमारी बोटीचे कॅप्टन, सार्डिन पकडणारे. ओहोटी लागली की उघड्या पडणाऱ्या ओल्या वाळूवर पोरांचा खेळ चालायचा. झाडाची फांदी तोडून बॅट. मासेमारीच्या फाटक्या जाळ्याचा गोळा करून त्यावर चिकटपट्टी गुंडाळली की चेंडू. दुधाच्या पुठ्ठ्याच्या खोक्याला आकार देऊन हातमोजा. त्याचा खरा ओढा फुटबॉलकडे होता, पण घोट्याच्या आणि गुडघ्याच्या दुखापतींनी तो नाद सोडवला. शाळा अर्धवट सुटली. अठराव्या वर्षी तो वडिलांच्या बोटीवर कामाला लागला. वर्षभरात 120 टनांची ती बोट बुडू लागली तेव्हा ती सोडून जीव वाचवावा लागला. समुद्रावर पोट भरायचं नाही हे तेव्हाच त्याच्या मनाने घेतलं असावं.

स्थानिक संघात तो क्षेत्ररक्षणाच्या कुठल्याही जागी चालणारा गडी होता. न्यूयॉर्क यांकीजच्या हर्ब रेबर्न या स्काउटने त्याला 1988 मध्ये शॉर्टस्टॉपच्या जागी पाहिलं होतं. त्याला तो काही खास वाटला नाही. पुढच्या वर्षी एका सामन्यात संघाचा पिचर सपाटून मार खात होता. रिव्हेराने आजवर हे काम केलेलं नसताना ‘मी टाकतो’ म्हणून चेंडू घेतला आणि चांगला टाकला. दोन सवंगड्यांनी परस्पर स्काउटला निरोप धाडला. चाचणीत रेबर्न त्याला पाहून चकितच झाला, कारण शॉर्टस्टॉप म्हणून नापसंत केलेला हाच तो पोरगा. वेग ताशी 135 ते 140 किलोमीटर, म्हणजे त्या स्तरावर बेताचाच. पण हात फिरायचा तो कसलाही जोर न लावता, अगदी सहज. 17 फेब्रुवारी 1990 रोजी करार झाला, दोन-तीन हजार डॉलरच्या बोलीवर.

इंग्रजीचा गंध नसलेला हा मुलगा फ्लोरिडात पोहोचला आणि पहिल्याच हंगामात 52 इनिंगमध्ये त्याच्या नावावर फक्त एक धाव लागली. तरीही यांकीजमध्ये कुणाच्या डोळ्यांत तो भरला नव्हता. 1992 मध्ये कोपरावर शस्त्रक्रिया झाली. पुढच्या वर्षी लीगमध्ये कोलोराडो आणि फ्लोरिडा हे दोन नवे संघ येणार होते आणि जुन्या संघांकडून त्यांना खेळाडू निवडता येणार होते. जे गमवायचे नाहीत त्यांची यादी प्रत्येक संघाने द्यायची होती. यांकीजच्या यादीत रिव्हेरा नव्हता. नव्या दोन्ही संघांनीही त्याला उचललं नाही. म्हणजे तो यांकीजकडे राहिला तो कुणालाच नको होता म्हणून.

23 मे 1995 रोजी मोठ्या लीगमधला पहिला सामना, स्टार्टर म्हणून. साडेतीन इनिंगही झाल्या नाहीत, पाच धावा गेल्या, संघ 10-0 असा हरला. तीन आठवड्यांत त्याची पुन्हा कोलंबसच्या दुय्यम संघात रवानगी झाली. डेट्रॉइटच्या डेव्हिड वेल्सच्या बदल्यात याला देऊन टाकावं, अशी बोलणीही चालली होती. खांदा दुखत असल्याने त्याला थोडी विश्रांती मिळाली, आणि जूनअखेरीस तो परत माउंडवर आला तेव्हा वेग मोजणाऱ्या यंत्रावर ताशी 153 किलोमीटरचे आकडे उमटू लागले. यांकीजचा महाव्यवस्थापक जीन मायकेलला हे खरं वाटेना. त्याने इतरांकडून खात्री करून घेतली आणि सौदा मोडला. इतका वेग एकाएकी आला कुठून? रिव्हेरा अत्यंत धार्मिक वृत्तीचा माणूस. देवाने दिला, एवढंच त्याचं उत्तर असतं.

तरी स्टार्टर म्हणून त्याचं बस्तान काही बसलं नाही. 1996 मध्ये त्याला बुलपेनमध्ये कायमचं बसवलं गेलं आणि क्लोझर जॉन वेटलँडच्या आधीच्या इनिंग त्याच्याकडे आल्या. त्या वर्षी त्याने 107 इनिंगहून अधिक पिचिंग करून 130 जणांना स्ट्राइकआउट केलं. सहा इनिंगअखेर यांकीज पुढे असले की सामना संपल्यात जमा होता: असे 70 सामने जिंकले, फक्त तीन हरले. हंगामानंतरचे बाद फेरीचे सामने, म्हणजे ऑक्टोबरमधला प्लेऑफ, पार करून यांकीज जगज्जेते झाले. वेटलँड टेक्ससला गेला आणि 1997 पासून नववी इनिंग रिव्हेराची झाली. सुरुवात अडखळतच झाली. पहिल्या सहांपैकी तीन आघाड्या त्याने घालवल्या.

त्याच वर्षी जून महिन्यात डेट्रॉइटच्या मैदानावर तो रामिरो मेंदोसा या सहकाऱ्याशी नुसती चेंडूची फेकाफेक करत होता. मेंदोसा वैतागला. चेंडू सरळ येतो म्हणून हात पुढे करावा तर शेवटच्या क्षणी तो बाजूला पळत होता. रिव्हेरा मुद्दाम काहीच करत नव्हता. उलट त्याने आणि पिचिंग कोच मेल स्टॉटलमायर याने हा चेंडू सरळ करायचा खूप प्रयत्न केला. जमलं नाही, तेव्हा त्यांनी तो नाद सोडून दिला. हाच तो कटर.

याची पकड साध्या वेगवान चेंडूसारखीच असते: पहिली दोन बोटं शिवणीवर आडवी, अंगठा खाली, फक्त मधल्या बोटाचा दाब किंचित अधिक. टाकतानाही हात सरळ चेंडूसारखाच येतो. माउंडपासून फलंदाजाजवळच्या होम प्लेटपर्यंतचं अंतर साठ फूट सहा इंच, आणि ताशी दीडशे किलोमीटरचा चेंडू ते अर्ध्या सेकंदाच्या आत कापतो. त्यामुळे बॅट फिरवायची की नाही हे अर्ध्या वाटेतच ठरवावं लागतं. रिव्हेराचा चेंडू त्या वेळपर्यंत सरळच दिसायचा, आणि फलंदाजाचा निर्णय होऊन गेल्यावर काही इंच डावीकडे सरकायचा. डावखुऱ्या फलंदाजाच्या बाबतीत हे डावीकडे म्हणजे त्याच्या अंगाकडे, बॅटच्या बारीक मुठीकडे. परिणामी बॅट मोडायची. 1999 च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे अजिंक्यपदाच्या अंतिम मालिकेत, अटलांटाच्या रायन क्लेस्कोच्या एकाच खेपेत तीन बॅट मोडल्या आणि त्याचाच सहकारी चिपर जोन्स डगआउटमध्ये हसू आवरू शकला नाही. दोन्ही हातांनी खेळणारे फलंदाज एरवी उजव्या हाताच्या पिचरसमोर हमखास डावखुरे उभे राहतात. रिव्हेरासमोर त्यांतले काही जण रीत मोडून उजवे उभे राहू लागले.

हे अस्त्र त्याने लपवून ठेवलं नाही. 2008 च्या ऑल-स्टार सामन्याच्या वेळी टोरांटोच्या रॉय हॅलडेने त्याला कटरची पकड विचारली. रिव्हेराने दाखवली, हॅलडेने एका चेंडूवर बोटांच्या जागा आखून घेतल्या. ही बातमी फुटली तेव्हा यांकीजच्या खेळाडूंनी ड्रेसिंगरूममध्ये आपापसांत न्यायालय भरवून रिव्हेराला दंड ठोठावला. शत्रूला शिकवलं हा गुन्हा! पुढे हॅलडे 2017 मध्ये विमान अपघातात गेला, आणि 2019 मध्ये रिव्हेराबरोबरच हॉल ऑफ फेममध्ये त्याची मरणोत्तर निवड झाली.

सेव्ह या आकड्यावर माझा फार भरवसा नाही. तीन धावांची आघाडी घेऊन शेवटच्या इनिंगमध्ये उतरलेला संघ शंभरातले पंच्याण्णवहून अधिक सामने जिंकतोच, मग पिचर कुणीही असो. हा आक्षेप घेणारा मॅसॅच्युसेट्सचा एक पत्रकार 2019 मध्ये रिव्हेराला मत द्यायला तयार नव्हता. आपल्यामुळे एकमत मोडू नये म्हणून मतपत्रिकाच पाठवायची नाही, असं त्याने आधी ठरवलं. मग पुन्हा विचार केला आणि रिव्हेराच्या नावावर खूण करून मतपत्रिका पाठवली. त्याचा आक्षेप पूर्णपणे रास्त होता, असं मला वाटतं. फक्त तो क्लोझर या पदाला लागू होतो, रिव्हेराला होत नाही. याचा पुरावा प्लेऑफच्या सामन्यांत आहे.

साध्या हंगामात त्याची सरासरी नऊ इनिंगमागे 2.21 धावा. तीच मुळात असामान्य. प्लेऑफमध्ये समोर निवडक संघ असतात, थंडी वाढलेली असते, एका चुकीवर वर्ष संपतं. तिथे त्याने 96 सामन्यांत 141 इनिंग टाकल्या आणि सरासरी 0.70. एवढ्या इनिंगमध्ये होमरन गेले दोन. आणि तिथे तो एका इनिंगचा पाहुणा नव्हता. मॅनेजर जो टॉरी त्याला सर्रास आठव्या इनिंगमध्येच आणायचा. 2003 मध्ये बोस्टनविरुद्धच्या निर्णायक सातव्या सामन्यात त्याने सलग तीन इनिंग टाकल्या. एरन बूनच्या होमरनने यांकीज जिंकले तेव्हा सगळे बूनकडे धावले. रिव्हेरा एकटा माउंडकडे धावला आणि तिथल्या मातीवर पालथा पडून रडला.

पण क्लोझरची खरी ओळख पटते ती हरल्यावर. स्टार्टर हरला तर पुढचे चार दिवस त्याला सावरायला मिळतात. क्लोझरला दुसऱ्याच दिवशी त्याच जागी उभं राहावं लागतं. शिवाय त्याचा पराभव एकट्याचा नसतो, आठ इनिंग इतरांनी कमावलेलं तो घालवतो. रिव्हेराचे मोठे पराभव मोजके, आणि प्रत्येक अख्ख्या अमेरिकेच्या डोळ्यांदेखत.

4 नोव्हेंबर 2001. अ‍ॅरिझोनात वर्ल्ड सिरीजचा सातवा सामना. न्यूयॉर्कवरच्या 11 सप्टेंबरच्या हल्ल्याला दोन महिनेही झाले नव्हते, आणि एरवी यांकीजचा द्वेष करणारेही त्या वर्षी त्यांच्या बाजूने होते. यांकीज 2-1 ने पुढे. रिव्हेराच्या प्लेऑफमधल्या सलग 23 सेव्हची नोंद पाठीशी. आठव्या इनिंगमध्ये त्याने तिघांना स्ट्राइकआउट केलं. नवव्यात मार्क ग्रेसने सिंगल मारून पहिला बेस गाठला. डेमियन मिलरने बंट केला, म्हणजे चेंडू नुसता हळुवार पुढ्यात पाडला. रिव्हेराने तो उचलून दुसऱ्या बेसकडे फेकला आणि नेम चुकला. मैदानावर चपळ आणि बिनचूक म्हणून नावाजलेल्या या माणसाची चूक! पुढचा बंट त्याने अचूक तिसऱ्या बेसकडे फेकून एक बळी मिळवला. मग टोनी वोमॅकच्या फटक्याने बरोबरी झाली. क्रेग काउन्सेलला चेंडू लागला. तिन्ही बेस भरले, बाद एकच. धाव रोखायला टॉरीने आतले क्षेत्ररक्षक पुढे बोलावले. लुइस गोन्झालेसला रिव्हेराने टाकलेला कटर होता अगदी स्वतःच्या मनाजोगा. बॅट मुठीजवळ मोडली, चेंडू दुबळा उडाला आणि पुढे आलेल्या डेरेक जीटरच्या डोक्यावरून मागच्या गवतावर पडला. क्षेत्ररक्षक नेहमीच्या जागी असते तर तो बहुधा झेल होता. सिरीज गेली.

यापुढची हकीकत क्रीडापानावरची नाही. यांकीज जिंकले असते तर न्यूयॉर्कमध्ये विजययात्रा निघणार होती आणि ती आटोपून एन्रिके विल्सन हा सहकारी डोमिनिकन रिपब्लिकला घरी जाणार होता. यात्राच नाही म्हटल्यावर तो आधीच निघून गेला. त्याचं मूळचं तिकीट ज्या विमानाचं होतं ते 12 नोव्हेंबरला उड्डाणानंतर काही मिनिटांत न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात कोसळलं आणि 265 माणसं गेली. रिव्हेराने नंतर सांगितलं की आपण हरलो याचा मला आनंद आहे. जिंकलो असतो तर एक मित्र गमावला असता. इतर कुणी असं म्हटलं असतं तर सारवासारव वाटली असती. या माणसाची श्रद्धा ज्यांनी पाहिली आहे त्यांना यात बनाव दिसत नाही.

2004 चा ऑक्टोबर याहून कठीण. बोस्टनविरुद्धची मालिका सुरू होण्याच्या तोंडावर त्याच्या पनामातल्या घराच्या पोहण्याच्या तलावात विजेचा धक्का बसून दोन नातेवाईक दगावले. तो गावी गेला, अंत्यविधी उरकून त्याच दिवशी विमानाने न्यूयॉर्कला परतला, सामना सुरू असताना स्टेडियमवर पोहोचला आणि त्याच रात्री त्याने तो सामना राखला. यांकीज 3-0 ने पुढे गेले. चौथ्या सामन्यात, बोस्टनच्या फेनवे पार्कवर, नवव्या इनिंगमध्ये 4-3 अशी आघाडी. रिव्हेराने केव्हिन मिलरला चार वाइड चेंडूंवर फुकटचा बेस दिला. त्याच्या जागी धावायला आलेल्या डेव्ह रॉबर्ट्सकडे सगळ्यांचे डोळे लागले होते. तो दुसरा बेस चोरणार हे उभ्या मैदानाला ठाऊक होतं. रिव्हेराने तीनदा पहिल्या बेसवर चेंडू फेकून त्याला डांबायचा प्रयत्न केला. पहिल्याच पिचवर रॉबर्ट्स पळाला आणि केसभराच्या अंतराने वाचला. बिल म्यूलरच्या फटक्यावर तो घरी आला, बरोबरी झाली, आणि तिथून बोस्टनने उरलेले चारही सामने घेतले. 86 वर्षांनी ते जगज्जेते झाले.

पुढच्या वर्षी, एप्रिल 2005 मध्ये, बोस्टनच्या मैदानावर हंगामातला पहिला सामना होता. पाहुण्या यांकीजची नावं पुकारली जात असताना रिव्हेराचं नाव आलं आणि बोस्टनकर उठून टाळ्यांचा कडकडाट करू लागले. तू आम्हाला जिंकवलंस, असा त्यातला टोमणा. रिव्हेरा मनमोकळा हसला आणि टोपी काढून त्याने त्यांना अभिवादन केलं. मला त्याच्या साऱ्या कारकिर्दीत 602 वा सेव्ह मिळवून विक्रम केला त्या दिवसापेक्षा हा दिवस मोठा वाटतो. स्वतःचं सर्वांत जाहीर अपयश हसून पदरात घेणारा माणूस त्या हंगामात पुन्हा माउंडवर गेला आणि 1.38 ची सरासरी राखली.

2009 मध्ये पाचवं विजेतेपद मिळालं. 2012 च्या मेमध्ये कॅन्सस सिटीत सरावात उंच झेल घेताना त्याच्या गुडघ्याचा अस्थिबंध फाटला, वय 42. आता संपलं असंच सगळ्यांनी धरलं. मी परत येणार, असं त्याने दुसऱ्याच दिवशी जाहीर केलं आणि 2013 मध्ये 44 सेव्ह घेऊन दाखवले. त्या निरोपाच्या हंगामात प्रत्येक गावी तो मैदानाची निगा राखणाऱ्या, तिकिटं फाडणाऱ्या, स्वयंपाकघरात राबणाऱ्या माणसांना मुद्दाम वेळ काढून भेटला. मिनेसोटाच्या संघाने त्याला मोडक्या बॅटची झुलती खुर्ची करून दिली. शेवटचा घरचा सामना 26 सप्टेंबरला. त्याला बाहेर न्यायला मॅनेजरऐवजी अँडी पेटिट आणि जीटर हे जुने साथीदार आले आणि पेटिटच्या खांद्यावर डोकं ठेवून तो ढसाढसा रडला. त्या रात्री राखायला आघाडी नव्हती. यांकीज तो सामना 4-0 ने हरले.

एकूण 652 सेव्ह. साय यंग पुरस्कार एकदाही नाही. 425 मतांनंतर असं वाटलं होतं की आता रिलीफ पिचरांकडे पाहण्याची दृष्टी बदलेल. पण बिली वॅगनरला विचारा. लहानपणी उजवा हात मोडला म्हणून डाव्या हाताने फेकायला शिकलेला हा पिचर 422 सेव्ह आणि अफाट वेग घेऊन निवडणुकीला उभा राहिला, तेव्हा पहिल्या वर्षी त्याला जेमतेम दहा टक्के मतं पडली. त्याने टाकलेल्या इनिंग फक्त 903, हा आक्षेप वर्षानुवर्षं घेतला गेला. निवड झाली ती 2025 मध्ये, दहाव्या आणि अखेरच्या संधीला. रिव्हेराला मिळालेला मान त्याच्या एकट्याचा होता, त्याच्या धंद्याला तो लागू झाला नाही.

सध्या खेळणाऱ्यांमध्ये सर्वाधिक सेव्ह केन्ली जॅन्सनचे: 2025 च्या हंगामाअखेर 476. कॅरिबियनमधल्या कुरासाओ बेटाचा हा धिप्पाड माणूस मुळात कॅचर होता. 2009 च्या जागतिक स्पर्धेत नेदरलँड्ससाठी त्याने तीच जागा सांभाळली होती. खांद्यात जबरदस्त ताकद, पण बॅटने धावा होत नव्हत्या. दुय्यम लीगमध्ये अडकून पडलेल्या या मुलाला लॉस एंजेलिसच्या संघाने त्याच वर्षी पिचर करून पाहायचं ठरवलं. वर्षभरात तो मोठ्या लीगमध्ये होता, बुलपेनमध्ये बसलेला, आणि त्याचं मुख्य अस्त्र होतं कटर.